साठ फूट पूर्वेला

नकाशावर मी जिथे फुली मारली
तिथे वांडा स्टिल्टनरचे सासरे पुरलेले होते,
आणि त्यांच्या उशाशी, नाव नसलेल्या दगडाखाली,
तीन आठवड्यांचं एक मूल.
कॉम्प्युटरला हे माहीत नव्हतं. मलाही.

वेस्ट व्हर्जिनिया. दोन डोंगरांच्या फटीतली वस्ती,
ऊन दहाला येतं, तीनला जातं.
वांडानं मला पायरीवरच उभं केलं.
पडवीत दोऱ्यात ओवलेल्या शेंगा वाळत होत्या.
"भोक पाडायचंय म्हणे तुम्हाला.
या डोंगराला कमी आहेत का?"

मी सुरू केलं : मिथेन, टक्के, मिनिटाला घनफूट...
तिनं हात वर केला.
"एका माणसाला किती लागते हवा?"
"माणसाला फार नाही. खाणीला लागते.
माणूस उरलेली घेतो."

हे वाक्य बाबांचं.
घुग्घुसच्या खाणीत ते ओव्हरमन होते,
शाफ्टला चानक म्हणायचे,
आणि घरी आले की आधी खिडकी उघडायचे,
मग बूट काढायचे.

वांडा बराच वेळ शेंगा चाचपत राहिली.
"हवा हवीच. पण एल्बर्टना हलवायचं नाही."

मग आम्ही चानक हलवली.
साठ फूट पूर्वेला.
खाली बोगद्याला एक कोपर आलं,
कोपरात हवा अडखळते,
म्हणून पंखा मोठा, मोटर मोठी,
आणि हेड ऑफिसातून एक मोठा सुस्कारा.
वाढीव खर्चाचं कारण, या रकान्यात
मी लिहिलं : भूगर्भीय परिस्थिती.

आधी वरून बारीक छिद्र,
सातशे फुटांत वीतभरही न ढळता.
मग खाली त्याच दांड्याला
दात विचकलेलं चौदा फुटी चाक बांधलं
आणि डोंगर कुरतडत वर ओढलं.
खालून वर खणलेली विहीर!
गावाकडे सांगितलं असतं तर
मला भर उन्हात फिरू नकोस म्हणाले असते.

चारशे फुटांवर पाणी फुटलं.
अकरा दिवस त्याला सिमेंट पाजलं,
तेव्हा कुठे त्यानं तोंड मिटलं.
पंख्याला बगल देऊन एक दार केलं,
असं, की वाईट दिवस आलाच
तर धक्का त्या दारानं जावा
आणि पंखा शाबूत राहावा.

सुरू केला त्या दुपारी मी खाली होते.
धुराची नळी फोडली.
धूर घुटमळला क्षणभर,
घर चुकलेल्या पाहुण्यासारखा,
मग कोपरापाशी वळला
आणि गेला.
टाळ्या वगैरे नाहीत.
रॉस्को बेल्चरनं हेल्मेट काढलं,
मान पुसायला हात नेला
आणि म्हणाला, "वाळला की घाम."

त्यानंतर वांडाची पत्रं. पेन्सिलीनं.
घरघर. झोप नाही. कपाटात बशा थरथरतात.
आवाज अडवायला भिंत बांधली,
तर चौथं पत्र भिंतीबद्दल.

फेब्रुवारीत, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
लॅम्परूममध्ये फोन खणाणला.
"तुमचा पंखा थांबलाय."
"नाही बाई, दिवा हिरवा आहे."
"दिव्याचं मला सांगू नका.
मी उठून बसलेय."

एकोणीस माणसं वर आली,
शिव्या घालत, डबे खालीच टाकून.
एक तुटलेला पट्टा, एक चिकटलेला रिले.
काही घडलं नाही.
अहवालात दोन ओळी.

सकाळी मी वर चढले.
चानकेतून वाफ उठत होती,
कुंपणाला अंग लावून तीन हरणं ऊब घेत होती,
माझ्याकडे बघून हललीसुद्धा नाहीत.
पडवीत वांडा, मांडीवर कागद.

"आजही तक्रार?"
"मग!" ती म्हणाली,
"चौदा मिनिटं बंद होता."